‘पर्यंत’ आणि ‘तोच’ : इंग्रजी कालवाक्यापूर्वीची क्रियाविशेषणे

भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पैलतीरी वसलेल्या कारधा गावी पावसाळ्यात एक वाक्य प्रत्येक मुलाच्या कानावरून जाते : “पाणी उतरत नाही तोपर्यंत पुलावरून जाऊ नका.” येथील जुना लहान पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो व त्यावरील रहदारी बंद करावी लागते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस, मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सोडल्यानंतर आलेल्या महापुराने तर भंडारा शहर व नदीकाठची गावे वेढून टाकली होती. म्हणून हे वाक्य येथील मुलांना शिकवावे लागत नाही. त्याचा अर्थ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

हेच वाक्य सहावी-सातवीच्या वर्गास इंग्रजीत लिहावयास द्यावे. अनेक वह्यांत उत्तर येईल : “डू नॉट क्रॉस द ब्रिज अन्टिल द वॉटर डझ नॉट गो डाउन.” विद्यार्थ्याने मराठीशी पूर्ण इमान राखले आहे. मराठीत दोन नकार, म्हणून इंग्रजीतही दोन. परंतु ह्या इंग्रजी वाक्याचा अर्थ होतो : ‘पाणी उतरेनासे होईपर्यंत थांबा, आणि मग जा.’ जी सूचना जीव वाचविण्यासाठी आहे, तिचा अर्थ एका जादा नकाराने उलटला.

अशा चुकीवर केवळ लाल रेघ ओढून भागत नाही. ती चूक अज्ञानाची नसून मातृभाषेचा नियम परभाषेस लावल्याची आहे. आपल्या राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. ‘व्हेन’, ‘जस्ट’, ‘अन्टिल’ हे शब्द मुलांच्या कानी लवकर पडतात. त्यांच्या मागचा विचार मात्र वरच्या वर्गांत आपणांसच उलगडून द्यावा लागतो.

१. दोन भाषांतील भेद

मराठी काळाचा संबंध बहुधा क्रियापदाच्या शेपटात ठेवते : येताच, येताना, आल्यावर, येण्यापूर्वी, येईपर्यंत. इंग्रजीत त्यासाठी पुष्कळदा दोन पूर्ण वाक्ये लागतात. त्यांना जोडणारा शब्द एक, व मुख्य वाक्यातील क्रियापदाजवळ बसणारे लहानसे क्रियाविशेषण दुसरे. ह्या तिघांची, म्हणजे क्रियापदाचे रूप, क्रियाविशेषण व जोडशब्द यांची, जुळणी ठरलेली असते. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेने आपल्याकडे वाक्यास वाक्य लावून इंग्रजी शिकण्याचा परिपाठ रूढ केला. तो उपयुक्तच आहे. मात्र शब्दास शब्द न लावता जुळणीस जुळणी लावली पाहिजे. म्हणून विद्यार्थ्यास सांगावे : प्रथम मुख्य क्रियापद पाहा, मग क्रियाविशेषण, आणि शेवटी जोडशब्द निवडा.

२. ‘जस्ट’ : बस सुटली की सुटत होती?

पुढील दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत.

“द बस हॅड जस्ट लेफ्ट व्हेन वुई रीच्ड द स्टॉप.”
“द बस वॉज जस्ट लीव्हिंग व्हेन वुई रीच्ड द स्टॉप.”

क्रियाविशेषण तेच, जोडशब्द तोच. बदलले ते क्रियापदाचे रूप. पहिल्या वाक्यात बस नुकतीच निघून गेली होती. दुसऱ्यात ती सुटतच होती. वर्गास विचारावे, “कोणत्या मुलांना बस मिळण्याची आशा आहे?” दररोज बसने शाळेस जाणारी मुले ह्याचे उत्तर तत्काळ देतील, आणि ‘हॅड’ व ‘वॉज’ यांतील भेद त्यांना पुन्हा समजावावा लागणार नाही.

३. ‘ऑलरेडी’ व ‘स्टिल’

“आम्ही पोहोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती.” येथे ‘ऑलरेडी’चा अर्थ मराठीने ‘होऊन गेली’ ह्या रूपातच सामावला आहे. इंग्रजीत तो वेगळा मांडता येतो : “द बेल हॅड ऑलरेडी रंग व्हेन वुई रीच्ड स्कूल.” उलट, “आम्ही पोहोचलो तेव्हा मुले अजून प्रार्थना म्हणतच होती” ह्यासाठी “द चिल्ड्रन वेअर स्टिल सिंगिंग द प्रेअर व्हेन वुई रीच्ड स्कूल.” ‘ऑलरेडी’ येथे संपलेली क्रिया दाखविते, ‘स्टिल’ चालू असलेली. दोन्ही शब्द साहाय्यक क्रियापदाच्या लगेच नंतर बसतात, हेही मुलांच्या नजरेस आणून द्यावे.

४. ‘बसलो न बसलो तोच’

मराठीतील ही सुंदर धाटणी इंग्रजीत ‘हार्डली’ने साधते : “वुई हॅड हार्डली सॅट डाउन व्हेन द रेन बिगॅन.” ‘हार्डली’च्या अंगी नकार मुळातच असतो, म्हणून त्यासोबत ‘नॉट’ घालू नये. हा शब्द वाक्याच्या आरंभी आला, तर क्रियापदाची मांडणी प्रश्नासारखी होते : “हार्डली हॅड वुई सॅट डाउन व्हेन द रेन बिगॅन.” ‘नो सूनर’ची मांडणीही अशीच, परंतु ‘सूनर’ हे तुलनेचे रूप असल्याने त्याच्यापुढे ‘व्हेन’ न येता ‘दॅन’ येते. हे कारण सांगितले म्हणजे जोडी पाठ करण्याचा भार हलका होतो. हा भाग सातवीच्या पुढे, व प्रथम केवळ वाचून समजण्यापुरताच घ्यावा.

५. ‘पर्यंत’ची दोन कामे

सर्वांत अधिक सावधगिरी येथे हवी. पुढील वाक्ये पाहावीत.

“मी येईपर्यंत येथे थांब.”
“मी येईपर्यंत धडा लिहून ठेव.”

दोन्हींत ‘येईपर्यंत’ आहे. पण पहिल्यात थांबण्याची क्रिया मी येण्याच्या क्षणापर्यंत अखंड चालते. दुसऱ्यात लिहिण्याची क्रिया त्या क्षणापूर्वी केव्हातरी पुरी व्हावयाची आहे. फळ्यावर पहिल्यासाठी एक रेघ काढावी, दुसऱ्यासाठी एक ठिपका. रेघ असेल तेथे ‘अन्टिल’ : “वेट हिअर अन्टिल आय कम.” ठिपका असेल तेथे ‘बाय द टाइम’ किंवा ‘बिफोर’ : “फिनिश द लेसन बिफोर आय कम.” दोन्हीकडे ‘आय कम’ असेच रूप आहे, ‘आय विल कम’ नाही. मराठीत ‘मी येईन तेव्हा’ असे म्हणतात; इंग्रजी अशा कालवाक्यात मात्र भविष्यार्थी वर्तमानकाळाचे रूप चालते.

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. न जाणे हीदेखील एक लांबणारी स्थिती, म्हणजे रेघच आहे. म्हणून मुख्य क्रियापद नकारी ठेवून ‘अन्टिल’ जुळते. रेघ जेथे संपते, ती घटना मात्र होकारी सांगावयाची : “डू नॉट क्रॉस द ब्रिज अन्टिल द वॉटर गोज डाउन.” मुलांना ही युक्ती द्यावी : इंग्रजी करण्यापूर्वी मराठी वाक्य मनाशी फिरवून घ्या. ‘पाणी उतरत नाही तोपर्यंत’ याऐवजी ‘पाणी उतरेपर्यंत’ म्हणा, म्हणजे दुसरा नकार आपोआप गळतो. घरी ‘येईस्तोवर’ म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी तर ही होकारी रचना आधीच असते; त्याच्या बोलीस न हसता तिचाच आधार घ्यावा.

६. वर्गातील सराव

पुढील वाक्ये प्रथम तोंडी, नंतर लेखी घ्यावीत. प्रत्येक वेळी रेघ की ठिपका, संपलेली क्रिया की चालू, हे विद्यार्थ्याने आधी सांगावे.

(१) पाऊस थांबेपर्यंत आम्ही शाळेतच राहिलो.
(२) आई परत येईपर्यंत मी भांडी घासून ठेवीन.
(३) आम्ही पोहोचलो तेव्हा गुरुजी अजून शिकवीत होते.
(४) मी दिवा लावला न लावला तोच वीज गेली.
(५) घंटा होत नाही तोपर्यंत वर्गाबाहेर जाऊ नका.

यांस अनुक्रमे ‘अन्टिल’. ‘बाय द टाइम’. ‘स्टिल’ व ‘व्हेन’. ‘हार्डली’ व ‘व्हेन’. आणि ‘नॉट’ व ‘अन्टिल’ ही उत्तरे अपेक्षित आहेत. पाचव्या वाक्यात जो विद्यार्थी दुसरा ‘नॉट’ गाळील, त्याला हा पाठ कळला असे समजावे.

शिक्षक बंधुभगिनींनी येत्या पावसाळ्यापूर्वी हा पाठ घ्यावा, व अखेरीस मुलांकडून नदीकाठच्या सूचनेचा एक फलक मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहवून घ्यावा. व्याकरण परीक्षेपुरते नसते. आपण लिहिलेल्या वाक्यावर कोणी अनोळखी वाटसरू विश्वास ठेवणार आहे, ही जाणीव मुलांस त्या फलकावरून होईल.