अळंबीला ऊन दाखवा

प्रश्न : आम्ही शाकाहारी. मशरूममधून ‘ड’ जीवनसत्त्व मिळतं का? आणि भाजी पाणचट का होते?

उत्तर : मिळतं, पण उन्हाच्या कृपेने. अळंबीतलं अर्गोस्टेरॉल अतिनील किरणांमुळे ‘ड-२’ जीवनसत्त्वात बदलतं. बाजारातलं बटन मशरूम बहुधा अंधारात वाढतं, म्हणून त्यात ते नगण्य. चिरून तासभर दुपारच्या उन्हात ठेवा; शिजवल्यावरही बरंचसं टिकतं. प्रथिनांचा गवगवा मात्र जरा जास्तच होतो. १०० ग्रॅममध्ये जेमतेम ३ ग्रॅम, तेव्हा उसळ सोडू नका! रानातली अनोळखी अळंबी नकोच. काही जातींचं विष शिजवूनही जात नाही.

पाणचटपणाचं म्हणाल तर अळंबीत ९० टक्के पाणीच असतं. कढई कडक तापवा, थोडी थोडी परता, झाकण नको, मीठ शेवटी. धिंगरी अळंबीला (ऑयस्टर मशरूम) सुक्या खोबऱ्याचं वाटण फार शोभतं.