आत्याचं पत्र

चि. सोनूस,


परवा वहिनीचा फोन आला. म्हणाली, सोनू वैतागलीय. म्हणते, पाचवीच्या पोरांना काही म्हणजे काही येत नाही. तेव्हापासून मला चैन नाही. आजोबांच्या तोंडून असलं वाक्य कधी ऐकलं होतंस?

तू वहिनीला पाठवलेला वहीचा फोटो मी पाहिला. पोराने १/४ + १/४ = २/८ लिहिलंय आणि तू फुली मारून नियम पाच वेळा लिहायला लावलायस. अगं, साध्या संख्यांची बेरीज त्याला येते, तीच त्याने वर-खाली लावली. म्हणजे येतं ते आडवं आलं! २/८ म्हणजे पुन्हा पावच. त्याला विचार, पाव किलो साखर आणली, आणखी पाव किलो आणली, किती झाली? दुकानात जाणारं पोर पटकन 'अर्धा किलो' म्हणेल. ते उत्तर त्याच्या २/८ शेजारी मांड. चूक त्याची त्यालाच दिसेल. नियम मग सांग.

शिकणाऱ्याला आधी काय येतं ते शोधा आणि तिथून शिकवा, असं मानसशास्त्रज्ञ ऑसुबेलने १९६८च्या पुस्तकात आरंभीच म्हटलंय. डी.एड.ला आम्ही तेही घोकूनच पास झालो! खरं शिकायला मला डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला जायचं होतं. गुरांमागे जाणाऱ्या वारली पोरांसाठी अनुताई वाघांनी कुरणातच शाळा नेली होती. घरचे नको म्हणाले, मी गप्प बसले. १९९२ साली अनुताई गेल्या. त्यांना काम करताना एकदा तरी बघायला हवं होतं, हे अजून मनातून जात नाही. आणि तू त्याच डहाणू तालुक्यात बसून म्हणतेस, पोरांना काही येत नाही! झाडं, मासे, भातशेती यातलं त्यांना जे येतं, ते तुला-मला तरी येतं का?

फार बोलले, राग मानू नकोस. माहिती भरा, अहवाल पाठवा, या सगळ्यात तुझा जीव मेटाकुटीला येतो, ते कळतं मला. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच असं होतं. वेळेवर जेवत जा. तब्येत सांभाळ. दिवाळीत थेट इकडेच ये, येताना पोरांच्या वह्या आण. दोघी मिळून बघू.

तेवढं एक वाक्य मात्र पुन्हा म्हणू नकोस, बाळा.

तुझी,
आत्या