परदेशी कोणता कॅमेरा न्यावा?

मुलगा दुबईला नोकरीला आहे. त्याला भेटायला वैभववाडीहून जायचे आहे. कॅमेरा कोणता न्यावा? ज्यावर आपला हात बसला आहे, तो! आठवणीच्या फोटोंना मोबाईल पुरतो.

महागडा कॅमेरा नेलात, तर निघतानाच विमानतळावर कस्टमवाल्यांना दाखवा. तसा दाखला घ्या. नाहीतर परत येताना तो तिकडे विकत घेतला असे समजून जकात मागतील. जादा बॅटरी हातातल्या पिशवीत ठेवा. ती पेट घेण्याची भीती असते. म्हणून मोठ्या सामानात ती चालत नाही.

आणखी एक, बरं का! तिथे परक्या माणसाचा फोटो न विचारता काढणे गुन्हा आहे. लष्करी जागेचा तर काढूच नका. कॅमेरा लहान असो वा मोठा, कायदा एकच.