कुत्रं भुंकेल, उठायचं आपण

बाळा, लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलंस, छान केलंस. पण आता घराची काळजी मिटली असं म्हणू नकोस. परक्याची चाहूल आपल्याआधी घेणं आणि भुंकून सांगणं, एवढं बहुतेक कुत्री आपणहून करतात. चोराला आडवं जाणारं कुत्रं विरळा. त्यातून लॅब्रॅडॉर पडलं शिकारीतले पक्षी उचलून आणणाऱ्या जातीचं. बिस्कीट देणाऱ्यापुढे ते शेपूटच हलवणार.

म्हणून ते भुंकलं की उठ. बाहेरचा दिवा लाव, खिडकीतून बघ, मग पाठीवर हात ठेवून ‘बास’ म्हण. झोपमोड झाली म्हणून चप्पल फेकलीस तर ते गप्प राहायला शिकेल, आणि नेमकं हवं तेव्हा गप्प राहील. डिलिव्हरीवाल्यावरचं भुंकणं अन् रात्रीचं भुंकणं यातला फरक महिनाभरात तुझ्या कानाला कळेल. मानेवरचे केस उभे करून, मागे सरकत, एकाच दिशेला भुंकत असेल तर दार उघडून बाहेर जाऊ नकोस.

धनगरांचा वाडा रानात बसतो तेव्हा त्यांची कुत्री नीट बघ. गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो, म्हणजे लांडग्याला किंवा बिबट्याला नरडं धरता येत नाही. ती पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढतात, आणि हाकेच्या अंतरावर धनगर काठी घेऊन असतो. एकट्या कुत्र्यावर भिस्त ठेवणारा धनगर मी पाहिला नाही.

आपलं मांजरी बुद्रुक 2021 साली पुणे महापालिकेत गेलं, पण नदीकाठ अन् उरलासुरला ऊस आहेच. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेजारी साडेसतरा नळीत बिबट्यानं माणसावर हल्ला केला होता. बिबट्याला कुत्रं फार आवडतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के निघाला. अंगणात साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. रात्री त्याला घरात घे. भुंकायचं ते आतूनही भुंकतं.

पोरांना ‘छू’ करू देऊ नकोस. चावरं कुत्रं चोर अन् दूधवाला यांत फरक करत नाही. कुणाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाहीस, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पिल्लू साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत त्याला हेल्मेटवाला, छत्रीवाला, शाळेची पोरं, सगळं दाखव. लस पूर्ण होईस्तोवर कडेवर घेऊन दाखव. जग न पाहिलेलं कुत्रं भीतीपोटी चावतं, त्याला राखण समजू नये. खाणं त्याच्याच ताटलीत अन् घरच्याच हातचं; चोर विष घातलेला तुकडा टाकतात, ही ऐकीव गोष्ट नाही.

आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. कार्ड जपून ठेव, तारीख चुकवू नकोस.