हरवलेलं घड्याळ आणि आठशे रुपये

मुलाचं घड्याळ हरवलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘किती वेळा सांगितलं होतं, सांभाळून ठेव म्हणून!’ पुढचं वाक्य घराघराप्रमाणे बदलतं. एखाद्या घरात जाहीर होतं, ‘आता दहावी होईपर्यंत घड्याळ बंद.’ दुसऱ्या घरात मुलगी रडते, बाबा विरघळतात आणि त्याच संध्याकाळी आधीच्यापेक्षा महाग घड्याळ घरी येतं. मला दोन्ही पटत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं जरा जास्तच पटत नाही.

दोन्ही घरांत एक गोष्ट कुणी बोलतच नाही. नव्या घड्याळासाठी घरात पैसे किती आहेत?

आज तुमच्याशी बोलायचंय ते या आकड्याबद्दल. आपण इंदूरची मराठी नोकरदार माणसं, सुदामा नगरात राहणारी असोत की लोकमान्य नगरात, मुलांसमोर रक्कम उच्चारायला फार लाजतो. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणतो, ‘ते घड्याळ चांगलं नसतं’ म्हणतो, पण ‘आपल्याकडे या कामासाठी आठशे रुपये आहेत’ असं सरळ सांगत नाही. मग मुलाला वाटतं, आईबाबांना द्यायचंच नाहीये. सांगून बघा. सातवी-आठवीतल्या मुलाला आठशे रुपये कळतात. स्कूल व्हॅन, फी, किराणा हे सगळं भागल्यावर उरलेले आठशे तर चांगलेच कळतात. फक्त सांगताना आवाज रोजचाच असू द्या. ‘तुझ्यामुळे’ हा शब्द त्या वाक्यात आला, की मूल आकडा ऐकतच नाही, टोमणा ऐकतं. हरवल्याबद्दल रागवायचं असेल तर ते त्या दिवशी रागवून संपवा; खरेदीच्या दिवशी तो विषय काढू नका.

खरेदीची घाईही करू नका. चार-पाच दिवस शोधाला द्या आणि शोधायचं काम ज्याचं घड्याळ त्याच्याकडेच ठेवा. शाळेच्या ऑफिसात त्यानेच विचारावं, व्हॅनवाल्या भैयांना त्यानेच सीटखाली बघायला सांगावं, पीटीच्या तासाला घड्याळ काढून कोणाकडे दिलं होतं ते त्यानेच आठवावं. आईने शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकून तीस पालकांना कामाला लावणं सोपं आहे, पण मग मुलगा टीव्हीसमोर निवांत बसलेला असतो.

तोवर घरातला तो एक ड्रॉवर उघडा. प्रत्येक घरात असतो: जुनी बिलं, चष्म्याची घरं, आणि एखादं बंद पडलेलं एचएमटी. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला एचएमटीची घड्याळं बनू लागली आणि पुढची दोन-तीन दशकं लग्नात जावयाला, दहावी पास झालेल्या भाच्याला, निवृत्त होणाऱ्या साहेबांना हेच दिलं जायचं. २०१६ मध्ये सरकारने कंपनी बंद करण्याला मंजुरी दिली. पण आजोबांचं ‘जनता’ किंवा ‘पायलट’ अजून चालू होऊ शकतं, कारण चावीच्या घड्याळाला सेल लागत नाही; उघडून, साफ करून, तेल दिलं की बहुतेक वेळा ते पुन्हा टिकटिकतं. सुटे भाग आता जुन्या घड्याळांतूनच काढतात, म्हणून खर्च आधी विचारून घ्या. एक मात्र मुलाला समजावून सांगावं लागेल: रोज सकाळी चावी द्यायची, आणि दिवसाला थोडंसं पुढेमागे होणारच. काही मुलांना हे भारी आवडतं. ज्यांना नाही आवडत त्यांच्यावर आजोबांची आठवण लादू नका.

ड्रॉवरात सेलचं घड्याळ निघालं तर काम आणखी सोपं. कित्येकदा नुसता सेल संपलेला असतो. पण मेलेला सेल वर्षानुवर्षं आत तसाच राहिला की पाझरतो आणि यंत्र खातो, म्हणून तो आजच काढून घ्या.

घरात काहीच निघालं नाही, तर रविवार टाळून एखाद्या संध्याकाळी मुलाला घेऊन राजवाड्याकडे चला. एमजी रोडने जाताना गांधी हॉल लागतो. १९०४ साली बांधलेली ही इमारत तिच्या मनोऱ्यावरच्या घड्याळामुळे अजूनही घंटाघर म्हणून ओळखली जाते. काट्यांवरून वेळ सांगता येते का, हे तिथेच गंमतीत विचारून घ्या. मोबाइलवर वाढलेल्या बऱ्याच मुलांची ‘पावणे’ आणि ‘सव्वा’ यांत गफलत होते.

पुढे राजवाडा, जेल रोड. दुकानात आकडा मुलानेच सांगावा. ‘भैया, आठशे के अंदर दिखाइए.’ आपण मागे उभं राहायचं. हे फार अवघड असतं, विशेषतः दुकानदार आपल्याकडे बघून ‘मैडम, थोड़ा ऊपर वाला दिखाऊँ?’ म्हणतो तेव्हा. हसून मुलाकडे बोट दाखवा.

स्वस्त म्हणजे हलकं, ही भीती तुमच्या मनात असेल तर ती काढून टाका. सेलवर चालणाऱ्या घड्याळात क्वार्ट्‌झचा एक छोटासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावर काटे चालतात. पाचशेच्या घड्याळात साधारण तोच स्फटिक, पन्नास हजारांच्या क्वार्ट्‌झमध्येही तोच. साध्या क्वार्ट्‌झचा फरक महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा. चावीचं उत्तम घड्याळसुद्धा एवढं कधी कधी एका दिवसात चुकतं. जास्तीचे पैसे जातात ते काचेत, धातूत, पट्ट्यात आणि नावात. म्हणून टायटनचं सोनाटा किंवा मॅक्झिमासारखं, सही-शिक्का असलेल्या गॅरंटी कार्डासह मिळणारं साधं घड्याळ बिनधास्त घ्या.

सीबीएसईचं मूल असेल तर काट्यांचंच घ्या. बोर्डाच्या परीक्षेत साधं काट्यांचं घड्याळ चालतं, स्मार्टवॉच चालत नाही. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे १९८९ पासून जवळजवळ तसंच मिळत आलेलं, सेल सुमारे सात वर्षं टिकणारं घड्याळ माझं लाडकं आहे, पण त्यात नुसते आकडे असतात, म्हणून परीक्षेच्या वर्षी नको. आणि भंवरकुआँला कोचिंगला जाणाऱ्या मोठ्या मुलांच्या पालकांनो, नीट आणि जेईई मेनला मनगटावर कुठलंच घड्याळ चालत नाही. त्या मुलांनी सराव परीक्षा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दिलेली बरी.

स्वस्त स्मार्टवॉचवर मी फार शब्द घालवत नाही. चार्जिंगची कटकट, अर्धा दिवस पावलं मोजण्यात, आणि शाळेने जप्त केलं की पुन्हा आपण तिथेच. नामी कंपनीची ‘फर्स्ट कॉपी’ तर नकोच. खोटं नाव मनगटावर मिरवायला आपणच शिकवायचं का? ऑनलाइन मिळणाऱ्या चकचकीत ‘विंटेज’ घड्याळांपासूनही जपून. जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी बसवून विकायचा धंदा आपल्या देशात इतका मोठा आहे, की अशा जुन्या सेको घड्याळांना परदेशातले शौकीन ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

पाण्याचंही सांगून ठेवा. मागे ३० मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुताना उडणारं पाणी सोसतं, पोहणं नाही. पोहण्याच्या तलावात उतरताना किंवा पाताळपाणीच्या सहलीत ते दप्तराच्या आतल्या, चेनच्या कप्प्यात जायला हवं. विकत घेतानाच पट्टा मुलाच्या मनगटावर लावून बघा. मोठेपणी होईल म्हणून सैल घेतलेला पट्टा हे घड्याळ हरवण्याचं अगदी साधं कारण आहे. जास्तीचं भोक दुकानदार तिथल्या तिथे पाडून देतो.

हरवलेलं घड्याळ मुंजीत मामाने किंवा वाढदिवसाला आजीने दिलेलं असेल, तर अगदी तसंच दुसरं शोधून गुपचूप बांधू नका. आजी विचारतेच, आणि मग मुलाला तुमच्यासाठी खोटं बोलावं लागतं. फोन लावून द्या, त्याला सांगू द्या. बहुतेक आज्या, आधी जरा हळहळून, स्वतः काय काय हरवलं होतं याच्या गोष्टी सांगायला लागतात.

आणि नवं घेतल्यावर आठवड्याभराने जुनं घड्याळ पलंगाच्या फटीत सापडलं तर? नवं काढून घेऊ नका. त्याने ते स्वतः निवडलंय. जुन्याचा सेल काढून ते ड्रॉवरात ठेवा. धाकटीचा नंबर लागेलच.