मुलाला विचारणे, हीही अमानत

गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगणवाडीत एखाद्या मुलाचे पितृछत्र हरपते, तेव्हा त्याच लहानशा खोलीत नातेवाईक बसतात. मूल कोणाकडे राहील, शाळा सोडेल काय, हे सारे ठरते. मूल कोपऱ्यातून ऐकत असते. त्याला मात्र कोणी विचारत नाही.

ह. इब्राहीम (अलै.) यांनी स्वप्नाची हकीकत पुत्राला सांगून त्याचे मत विचारले, असे पवित्र कुरआन सांगतो (३७:१०२). सहीह बुखारीत आहे, की प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या उजवीकडे एक मुलगा होता, डावीकडे वडीलधारे. पेय आधी वडिलांना द्यावे काय, असे प्रेषितांनी मुलाला विचारले. त्याने आपला हक्क सोडला नाही. प्रेषितांनी पेला त्याच्याच हाती दिला. विचारणे म्हणजे नकारही मान्य करण्याची तयारी ठेवणे होय.

अनाथांची समज पारखत राहण्याचा आदेश आहे (४:६). ज्याला कधी विचारलेच नाही, त्याची समज पारखणार कशी? बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३ मध्येही वय व समज लक्षात घेऊन मुलाचे म्हणणे ऐकण्याचे तत्त्व आहे.

मात्र निर्णयाचे ओझे मुलावर टाकू नये. "मी कामाला जातो," असे ते आईच्या मायेपोटी म्हणेल. त्यामागची काळजी ऐकावी. शाळा सोडवू नये.

म्हणून बैठकीपूर्वी मुलाला एकांतात जवळ घ्या, विचारा आणि ठरलेले कारणासह सांगा. अल्लाह आपणांस ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.