बंदिवानांची आठवण
अभ्यासपाठ : इब्री लोकांस पत्र १३:१–३, फिलेमोनास पत्र

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पाहुणचाराच्या आज्ञेला लागूनच बंदिवानांविषयीची आज्ञा आहे. आपणही त्यांच्याबरोबर बेडीत आहो असे समजून त्यांची आठवण ठेवावी, असे पत्रलेखक सांगतो. पाहुणचार आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस शिकवावा लागत नाही. दुसरी आज्ञा मात्र जड जाते. मंडळीतील कोणी चोरीमारीच्या खटल्यात सापडून तुरुंगात गेला म्हणजे रविवारच्या प्रार्थनेतूनही त्याचे नाव गळते, हे आम्ही पाहिले आहे. कोणी म्हणेल की, पत्रातील ते बंदिवान विश्वासासाठी धरलेले होते. खरे, परंतु मत्तयाच्या २५ व्या अध्यायात प्रभू तुरुंगातील मनुष्याचा अपराध कोणता हे सांगत नाही.

इंग्लंडात १७७३ साली परगण्यांच्या तुरुंगांत पाळक नेमण्यास कायद्याने मुभा मिळाली. तरी पुढे कित्येक वर्षे ग्रेट यार्मथ या बंदराच्या गावातील तुरुंगात ना पाळक होता ना उपासना. तेथे गेली ती सारा मार्टिन नावाची, शिवणकामावर पोट भरणारी एक अनाथ स्त्री. जवळच्या केस्टर गावाहून ती कामासाठी यार्मथला पायी येत असे. १८१९ साली एका आईला आपल्या लेकराला निर्दयपणे मारल्याबद्दल कैद झाली. तिला भेटावे असे साराच्या मनात आले. पहिल्या खेपेस दारावरून परत फिरावे लागले. दुसऱ्या खेपेस परवानगी मिळाली. तिने त्या आईस लूकाचा २३ वा अध्याय वाचून दाखविला. वधस्तंभावरील चोराची गोष्ट त्याच अध्यायात आहे, हे उपदेशकांनी ध्यानात घ्यावे.

पुढे आठवड्यातील एका दिवसाची मजुरी सोडून ती बंदिवानांस वाचावयास व लिहावयास शिकवू लागली. रविवार आळसात जातो असे पाहून तिने त्यांनाच उपासना चालविण्यास सांगितले. आरंभी त्यांच्यातलाच एक जण वाचीत असे व ती इतरांबरोबर ऐकत बसे. पुढे ते काम तिजवर आले. ती रोज त्यांच्याकडून शास्त्रवचने पाठ करून घेई, आणि तीच वचने स्वतःही पाठ करून त्यांच्यापुढे म्हणून दाखवी. याचा काय उपयोग, असे कोणी म्हटल्यास, मला उपयोग झाला आहे, तुम्ही अजून करून पाहिले नाही, अशा अर्थाचे तिचे उत्तर असे. ज्याने स्वतः धडा केला नाही तो बंदिवानास काय शिकविणार? मोकळा वेळ ही तुरुंगातली मोठी पीडा. म्हणून कोणी दिलेल्या दहा शिलिंगांचे कापड घेऊन तिने स्त्रियांस तान्ह्या मुलांची अंगडी शिवावयास लाविले व ती विकून आलेल्या पैशांनी पुन्हा कापड आणले.

१८४१ साली गावाच्या कारभाऱ्यांनी तिला वर्षाला बारा पौंड देऊ केले, तेव्हा ती कचरली. पगार घेणारी बाई असे समजून बंदिवान आपले ऐकणार नाहीत, अशी तिला भीती वाटली. (आम्हां पगारी सेवकांस हे वाचून थोडे अस्वस्थ वाटले तर बरेच आहे.) १८४३ च्या ऑक्टोबरात ती वारली.

सुटून आलेल्यांची वास्तपुस्त घेणे, त्यांना काम मिळवून देणे, हेही ती आपल्या सेवेतच धरी. आपल्याकडे खरी अडचण येथेच आहे. तुरुंगात जाण्यास अधिकाऱ्याची परवानगी लागते, ती उपदेशक मागू शकेल. परंतु सुटलेला मनुष्य परत येतो तो गावातच, आणि तेथे त्याला चटईवर जागा देणे मंडळीच्या हाती आहे. फिलेमोनाचे पत्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. अनेसिम पौलाच्या बंधनात असता त्याचे लेकरू झाला. पौलाने त्याला परत पाठविले तेव्हा रिकाम्या हाती पाठविले नाही. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे फिलेमोनास स्वतःच्या हाताने लिहून दिले.